अकरा ब, वरचा मजला

"नाही," असं ती म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण खोटं बोललो. खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. फोनवर बँकेतली मुलगी होती, गोड आणि पाठ केलेल्या आवाजाची, आणि ती एकामागून एक पत्ते वाचून दाखवत होती. यांतल्या कुठल्या पत्त्यावर तुम्ही कधी राहिला आहात, एवढाच प्रश्न. दोन पत्ते भलत्याच कुणाचे होते. ते मुद्दाम मिसळलेले असतात हे तिला ऐकून ठाऊक होतं. मग मुलगी म्हणाली, "अकरा ब, वरचा मजला," आणि पुढे गल्लीचं नाव. तेव्हा हिच्या एका हातात कुणाची तरी खालची कवळी होती, दुसऱ्या हातात मेण कोरायची सुरी, फोन कान आणि खांदा यांच्यामध्ये धरलेला. "नाही," ती म्हणाली. डोळ्यासमोर हात आला की पापणी मिटते, तितक्या सहज.

"एक मिनिट हं मॅडम," मुलगी म्हणाली. मग म्हणाली, "मॅडम, तुम्ही सांगितलेली माहिती आमच्याकडच्या माहितीशी जुळत नाहीये. त्यामुळे फोनवरून अर्ज पुढे नेता येणार नाही. ओळखपत्र घेऊन शाखेत गेलात तर तिथे करून देतील."

"काय जुळत नाही?"

"ते आम्हाला दिसत नाही मॅडम. जुळलं की नाही, एवढंच दिसतं."

फोन ठेवल्यावर ती कवळीकडे बघत राहिली. कवळ्या करण्यात तिची निम्मी हयात गेली होती. दातांचे डॉक्टर ठसे पाठवत, ती त्यात प्लास्टर ओतून साचा काढी, मेणात हिरड्या उभ्या करी, दात बसवी. ज्याच्या तोंडात ते जायचे तो माणूस तिनं कधी पाहिलेला नसे. तरी साच्यावरून तिला पुष्कळ कळे. हा एकाच बाजूनं चावतो, ही झोपेत दात खाते, याचा पुढचा दात लहानपणी पडून तुटलेला. अशा अनोळखी तोंडांशी तिचं बरं जमे. आता कुठे तरी, कुठल्या तरी खोलीत, तिचाही एक साचा ठेवलेला होता म्हणायचा, आणि तो तिच्या तोंडाशी जुळत नव्हता. तिला याचा राग यायला हवा होता. आली ती उत्सुकता. ते 'नाही' कोण म्हणालं, हे तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

कार्डाचं खूळ मैलोबानं डोक्यात घातलं होतं. मैलोबा म्हणजे पलीकडच्या टेबलावर सिरॅमिकचे दात भाजणारा गडी. प्रवासाच्या क्रेडिट कार्डांवर, खर्चागणिक मिळणारे मैल साठवून तो फुकट विमानानं हिंडून यायचा म्हणून लॅबमध्ये सगळे त्याला तसं म्हणत. पेट्रोल भरलं, मैल. साबण घेतला, मैल. सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा बिल यानं आपल्या कार्डावर भरलं, सासऱ्यांकडून रोख घेतले, आणि त्या गुडघ्यावर बायकोला घेऊन समुद्रपार जाऊन आला. "ताई, खर्च तर तुम्ही करताच आहात," तो म्हणे, "मग हवेत का सोडताय?" तिला पटलं होतं. ती कधी विमानात बसली नव्हती. नवरा तीसएक वर्षं शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाला होता. फळ्यावर त्यांनी जगातल्या सगळ्या नद्या काढल्या, पण एकीचंही पाणी जाऊन पाहिलं नव्हतं. लेक दूरच्या शहरात नोकरीला होती आणि फोनवर म्हणायची, आई, तू कुठे तरी जा गं आता. कुठे ते कुणी सांगत नव्हतं. परवा संध्याकाळी अर्ज भरताना एका ठिकाणी विचारलं होतं, अतिरिक्त कार्ड हवे आहे का, कुटुंबीयाचे नाव लिहा. तिथे नवऱ्याचं नाव लिहायला बोट उचललं आणि तसंच खाली ठेवलं. ती जागा रिकामी सोडून तिनं अर्ज पाठवला. तेव्हा विचार केला नव्हता. आता करत होती.

"काय झालं ताई? कार्ड आलं?" मैलोबानं भट्टीचं दार लावत विचारलं.

"नाही. माहिती जुळत नाही म्हणे."

"रेकॉर्डला काही डाग असेल. पूर्वी कधी हप्ता-बिप्ता चुकलाय?"

"असेल," ती म्हणाली.

होताच. सहा-सात वर्षांपूर्वीचा, त्या अकरा बचाच. सासूबाई गेल्या त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. सासूबाईंचं सगळं अंथरुणात होतं, आणि ते सगळं हिनं केलं, आणि त्या गेल्यावर जो भेटेल तो हिचे गुण गायला लागला. सून असावी तर अशी. नवराही म्हणाला, एकदाच, जेवताना, ताटाकडे बघत. त्या कौतुकानं तिचा जीव गुदमरायला लागला होता. दुःख म्हणावं तर नव्हतं. घरात शिरलं की कुणी तरी आधीच आत येऊन बसलंय आणि तीच ही गुणी सून आहे, असं वाटे. तिच्यासाठी खुर्ची सोडावी लागे. मग लॅबमध्ये कामाचा रेटा वाढला आणि हिनं घरी सांगितलं, जाण्यायेण्यात फार वेळ जातो, थोडे दिवस कामाजवळ खोली घेते. नवऱ्यानं कारण विचारलं नाही. बस थांब्यापर्यंत बॅग उचलून आणली आणि बस येईपर्यंत उभा राहिला. "थोडे दिवस" हिवाळाभर चालले. लेक तेव्हा कॉलेजच्या वसतिगृहात होती. तिला कुणी कळवलंच नाही. मग नवरा जिन्यावरून घसरला, मनगट मोडलं, आणि ही परत आली. प्लास्टर निघालं तरी राहिली. खोलीचा विषय दोघांनीही काढला नाही, आणि न काढता काढता तो घरातल्या एखाद्या बंद खिडकीसारखा झाला. आहे हे ठाऊक, पण उघडायला कुणी उठत नाही.

तिच्याकडे तेव्हा एक साधं कार्ड होतं. खोलीवर राहायला गेल्यावर तिनं बँकेला नवा पत्ता कळवला होता, आणि परत येताना जुना कळवायचा राहून गेला. बिलं अकरा बला जात राहिली. ही इकडे नवऱ्याच्या शर्टाची बटणं लावून देत होती आणि बँकेच्या लेखी तिकडे वरच्या मजल्यावर राहत होती, पैसे न भरता, दार न उघडता. बऱ्याच महिन्यांनी वसुलीचा माणूस लॅबमध्ये येऊन उभा राहिला. बिचारा सभ्य होता. रकमेत थोडी सूट देतो म्हणाला, हिनं त्याच दिवशी भरून टाकलं, सुटले म्हणून मोकळी झाली. पण तेव्हाही घरी बोलली नाही, आणि त्याचं कारण पैसे हे नव्हतं.

संध्याकाळी लॅब सुटल्यावर ती रोजच्या थांब्याकडे न वळता सरळ चालत गेली. पाय कुठे निघालेत हे तिला माहीत होतं, पण विचारलं असतं तर तिनं कबूल केलं नसतं. गल्ली तीच होती, थोडी आखूड झाल्यासारखी. खाली तेव्हा एका म्हाताऱ्याचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. आता तिथे मोबाइलची कव्हरं टांगलेली होती, रंगीबेरंगी, सोलून वाळत घातल्यासारखी. बाजूचा अरुंद जिना मात्र तसाच होता. चौथ्या पायरीचा कोपरा तुटलेला, तो पाय टाकण्याआधीच पायाला आठवला. वर दार उघडंच होतं. एक तरुण नर्स दोरीवर पांढरा गणवेश वाळत घालत होती.

"कोण हवंय?" तिनं विचारलं.

"कुणी नको," ही म्हणाली, आणि आपलं उत्तर किती वेड्यासारखं आहे हे कळून म्हणाली, "मी पूर्वी इथे राहायचे. या बाजूला आले होते, म्हटलं बघावं."

किती सहज म्हणाली. दुपारी बँकेच्या मुलीला जे सांगता आलं नाही ते या परक्या पोरीला एका दमात सांगून मोकळी झाली.

"बघा की," नर्स म्हणाली. "बघण्यासारखं काय आहे, एवढीशी तर खोली. नळ तेव्हाही गळायचा का?"

"गळायचा. मी खाली स्पंज ठेवायचे, म्हणजे आवाज होत नाही."

"अगंबाई, हे बरं सुचलं नाही मला," नर्स म्हणाली आणि खरोखरच स्पंज शोधायला आत गेली.

ती खोलीच्या मधोमध उभी राहिली. तिनं मनाची तयारी केली होती. जड काही तरी अंगावर येईल, एकटेपण, अपराध, निदान आपली कीव तरी. भिंतीला आता पिवळट रंग होता, कॉट दुसऱ्या कोपऱ्यात होती. तिनं वाट पाहिली. आणि जे आलं ते इतकं हलकं होतं की सुरुवातीला तिला ओळखताच आलं नाही. शनिवारची सकाळ. पायात मोजे, अंगावर नवऱ्याचा जुना स्वेटर, हातात चहा, आणि कुणालाही चहा विचारायचा नाही. जमिनीवर बसून पेपर वाचायचा आणि मध्येच पान तसंच टाकून उठायचं. कंटाळा आला की भर दुपारी चादर पांघरून झोपायचं. एकदा तिनं रात्रीचं जेवण म्हणून नुसती सफरचंदं खाल्ली होती, खिडकीत उभी राहून, आणि बिया खाली टाकल्या होत्या. गाणी म्हणायची ती. घरात कधी म्हटली नव्हती; आवाज काही धड नव्हता. इथे मात्र भांडी घासताना, केस विंचरताना, जिन्यावरून वर येता येता, अर्धवट आठवणाऱ्या ओळींत मनाचे शब्द घालून म्हणायची. सुखी होती ती इथे. हे इतकं साधं होतं. इतकी वर्षं ती समजत होती की आपण घर सोडून गेलो होतो याची लाज झाकून ठेवली आहे. घर सोडून तर पुष्कळ जण जातात, रडतात, परत येतात, त्याला लोक क्षमा करतात. ती गेली होती आणि मजेत होती. हे कुणाला सांगणार? म्हणून दुपारी "नाही" म्हणणारी ती गुणी सूनच असली पाहिजे, तिला वाटलं. ती अजून खुर्चीवर बसून आहे, आणि बँकेचा फोनसुद्धा तीच घेते.

"मिळाला," नर्स स्पंज घेऊन आली. तिनं तो नळाखाली ठेवला. दोघी कान देऊन उभ्या राहिल्या. काही ऐकू आलं नाही. नर्स हसली. "आता झोप लागेल. ड्यूटीवरून आले की हाच डोक्यात वाजायचा."

घरी पोचली तेव्हा नवरा गॅलरीत झाडांना पाणी घालत होता. "उशीर झाला?" त्यांनी विचारलं. "काम होतं," ती म्हणाली. तिला तेव्हाच सांगायचं होतं. पण ते हातात झारी घेऊन उभे होते, आणि हातात झारी असलेल्या माणसाला मी सुखी होते असं सांगणं तिला जमेना.

शाखेत ती शुक्रवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेली. काचेमागे बसलेला अधिकारी टक्कल पडायच्या बेतात होता आणि त्याचा खालचा एक दात वाकडा होता. बोलताना तो ओठानं तो झाकायचा. तिला त्याच्याविषयी लगेच आपलेपणा वाटला. त्यानं ओळखपत्र पाहिलं, पडद्यावर बघत विचारलं, "अकरा ब, वरचा मजला. इथे राहिला होता?"

"हो," ती म्हणाली. "एक हिवाळा. खाली शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. खोलीला स्वतःचा नळ होता. माझ्या एकटीच्या नावावर घेतली होती."

"एवढं नको सांगायला," तो म्हणाला, पण चांगल्या आवाजात. मग पडदा तिच्याकडे थोडा वळवून त्यानं समजावून सांगितलं. त्या जुन्या कार्डाचे हप्ते महिनोन्महिने चुकले, हे एक. शेवटी सूट घेऊन कमी रकमेत खातं मिटवलं, हे दुसरं. "तुम्हाला वाटलं सगळं फिटलं. पण अशा खात्यापुढे 'सेटल्ड' असा शेरा पडतो. म्हणजे बँकेनं पाणी सोडलं, असा त्याचा अर्थ. आज अर्ज केलात तर हे प्रवासाचं कार्ड मिळणार नाही. आणि नकार आला की तोही नोंदला जातो, म्हणून मी तुम्हाला करा म्हणून सांगणार नाही."

"मग?"

"मग लहानापासून सुरुवात. मुदत ठेव ठेवा, तिच्या तारणावर एक कार्ड देतो. ते वापरा, वेळेवर भरा, वर्षभरानं या. तोवर यावरही मैल जमतात, अगदी थोडे."

"थोडे म्हणजे कुठवर जाता येईल?"

तो विचारात पडला. हा प्रश्न त्याला कुणी विचारला नसावा. "विमानानं नाही," तो म्हणाला. "बसनं, शेजारच्या गावी. एखादी रात्र मुक्काम."

"चालेल," ती म्हणाली.

त्यानं सह्या घेतल्या. जाता जाता सवयीनं विचारलं, "घरच्यांसाठी अतिरिक्त कार्ड काढायचं?"

"नको," ती म्हणाली. या वेळी कोण बोललं हे तिला स्पष्ट ऐकू आलं.

घरी नवरा जेवणाच्या टेबलावर कोडं सोडवत बसला होता. ती हातपाय धुऊन समोर येऊन बसली आणि सांगून टाकलं. आधी बँकेचं, मग जुन्या बिलांचं, वसुलीच्या माणसाचं. ते ऐकत होते. पेन्सिल हातातच होती.

"एवढंच ना," ते म्हणाले. "मला सांगायचंस. मीच भरले असते."

"पैसे होते माझ्याकडे. पैशांचा प्रश्न नव्हता." ती थांबली. "ती बिलं त्या खोलीवर जात होती. आणि खोलीबद्दल बोलायचं नव्हतं आपल्याला."

"नव्हतं," त्यांनी कबूल केलं.

"वर्षभरानं मोठं कार्ड मिळेल. पण त्याआधी मी जरा जवळपास कुठे तरी जाऊन येईन म्हणते. एकटी." आता थांबलो तर पुन्हा झारी आडवी येईल हे ओळखून ती एका दमात पुढे म्हणाली, "मी तिथे दुःखी नव्हते हो. तुम्हाला वाटत असेल रागावून गेले, रडत बसले. तसं नव्हतं. मला तिथे फार बरं वाटायचं. तुमच्यावर रागही नव्हता. म्हणून तर सांगता आलं नाही."

त्यांनी पेन्सिल कोड्याच्या घडीवर आडवी ठेवली. खाली रस्त्यावर कुणी तरी गाडी मागे घेत होतं, पुन्हा पुन्हा, जागा पुरत नसावी.

"ठाऊक आहे मला," ते म्हणाले.

"काय ठाऊक आहे?"

"मी आलो होतो तिथे. एकदा. थंडी फार होती म्हणून तुझी शाल घेऊन आलो होतो. खाली तो दुकानदार म्हातारा होता, त्यानं स्टूल दिलं, चहा दिला. म्हणाला, बाई आत्ताच वर गेल्या, हाक मारू का? म्हटलं, थांबा जरा." ते टेबलाच्या लाकडावरून बोट फिरवू लागले, फळ्यावर नदीचं पात्र काढल्यासारखं. "वरून आवाज येत होता. आधी वाटलं, वर कुणी आलंय, गप्पा चालल्यात. खोटं कशाला बोलू, मनात नाही नाही ते आलं. मग नीट ऐकलं तर तू गात होतीस. म्हातारा म्हणाला, रोज गातात, शब्द चुकीचे असतात."

तिचे कान गरम झाले. "मग वर का नाही आलात?"

"तुझं चालू होतं ना," ते म्हणाले. "मध्येच कसा येणार? आपल्या घरात कधी ऐकलं नव्हतं मी ते. चहा संपेपर्यंत बसलो, मग शाल घेऊन परत आलो. वाटेत वाटलं, ही आता येत नाही. आणि गंमत म्हणजे तुझा राग येईना. आपल्याला हा आवाज इतकी वर्षं ठाऊक नव्हता, याचंच आश्चर्य वाटत राहिलं."

"आणि मी परत आले तेव्हा?"

"तेव्हा भीती वाटली. विचारलं तर पुन्हा जाशील."

मनगट मोडलेलं, तोंड ओढलेलं, हॉस्पिटलच्या बाकावर बसलेले ते तिला आठवले. तेव्हा तिला वाटलं होतं, यांना काही कळतच नाही. ती खोलीतून हॉस्पिटलमध्ये आली ती धावत आली होती, आणि आल्यावर ती गुणी सून तिच्याआधी बाकावर बसलेली होती, आणि तेही त्या सुनेशीच बोलत होते, घाबरून, जपून. एवढी वर्षं दोघं मिळून त्या बाईला सांभाळत आले होते. तिला काय आवडतं, तिला काय चालत नाही. हिला तर ती नकोच होती. त्यांनाही ती कधी हवी होती की नाही, हे विचारायचं राहूनच गेलं होतं.

"जाऊन ये," ते म्हणाले. "पण मला एक सांग."

"काय?"

"खिडकी कुठल्या दिशेला होती?"

तिनं डोळे मिटून खोली मनात फिरवून पाहिली. हे तिला कुणी कधी विचारलं नव्हतं, तिनं स्वतःही नाही. "उत्तरेला असणार. ऊन कधी आत आलंच नाही. पण समोरच्या इमारतीच्या काचांवर पडून उलटं यायचं, दुपारी, थोडा वेळ. भिंतीवर पाण्यासारखं हलायचं."

"हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला खाली असतो, म्हणून," ते म्हणाले. त्यांनी कोडं बाजूला सारलं आणि खुर्ची पुढे ओढून घेतली. "बरं, आणि सकाळी? सकाळी उठून आधी काय करायचीस?"

"काहीच नाही. पडून राहायचे," ती म्हणाली. "आज कोण उठतंय ते बघत."

त्यांनी कोपर टेबलावर टेकलं.

"मग," त्यांनी विचारलं, "कोण उठायचं?"